तिसरा थर

त्या दिवशी ऊन पडलंच नाही.

सकाळपासून धुकं दरीतून वर येत होतं आणि परत दरीत उतरत होतं. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दहिवर गोठून पांढरं झालेलं, ते दुपार टळली तरी तसंच. वारा नव्हता. वारा नसला की आमच्या डोंगरावर थंडी जास्त. ती कुठं जातच नाही, बसून राहते.

हिरानाथबुवांच्या मठात धुनीपाशी आम्ही दोघंच होतो. बुवा डोळे मिटून बसलेले. मी हात शेकत होतो. बोलण्यासारखं काही नव्हतं आणि बोलायची ताकदही नव्हती. म्हाताऱ्या हाडांची सगळी ताकद अशा दिवसात नुसतं बसून राहण्यातच जाते.

"अजून किती थर लावू, बुवा?"

सर्जेराव दारातूनच विचारत आत आला. केसांत गवताच्या काड्या, अंगावर पांढरा भुगा. मान एका बाजूला कललेली.

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

"कशाला?"

"छताला."

"कोणाच्या?"

"तात्यांच्या खोलीच्या. दुसऱ्या कोणाच्या?"

सर्जेराव पार्टे म्हणजे बुवांचा शेजारी. मठ आणि त्याचं घर यांत फक्त करवंदीचं कुंपण. कुंपणाला एक वाट पडलेली. त्या वाटेनं तो रोज सांजेला येऊन धुनीला नमस्कार करायचा. लोक त्याला बुवांचा शिष्य म्हणायचे. तोही म्हणायचा. बुवा काही म्हणायचे नाहीत.

त्याचं घर उतारावर आहे. रस्त्याच्या पातळीला गॅरेज, गॅरेजच्या डोक्यावर राहायच्या खोल्या. वरची जमीन लाकडी फळ्यांची. म्हणजे वरच्यांची जमीन तेच खालच्याचं छत. त्या गॅरेजात पूर्वी तात्यांची जीप उभी असायची. तात्या म्हणजे सर्जेरावचे वडील. उभी हयात त्यांनी पाहुण्यांना डोंगरावरचे पॉइंट दाखवत फिरवलं. पुढं गुडघे गेले, जिना चढवेना. मग जीप विकली, आणि जिथं ती उभी राहायची तिथं तात्यांची खाट आली.

पहिल्या हिवाळ्यात तात्या म्हणाले, थंडी वाजते.

आता सर्जेरावचा धंदाच छतांचा. मोठमोठ्या हॉटेलांच्या खोल्यांना तो छतं करून देतो. त्यानं बघितलं, विजेच्या शेगडीची सगळी ऊब फळ्यांच्या फटींतून वर निघून जाते. मग पावसाळ्यात भिंतींना लावतो त्या गवताच्या ताट्या सोडवल्या, ते गवत तुळयांच्या मधे ठासून भरलं, आणि खालून थर्माकोलच्या जाड लाद्या मारल्या.

तात्या म्हणाले, थंडी वाजते.

त्यानं लाद्यांचा दुसरा थर मारला.

"तरी म्हणतात थंडी वाजते." सर्जेराव धुनीपाशी बसला. बसला म्हणजे पडलाच. "आज तिसऱ्या थराचं सामान आणलंय. पण मला सांगा, बुवा, किती? काम बघायला वरच्या हॉटेलचे मालक स्वतः आले होते. म्हणाले, सर्जेराव, असं आमच्याकडं का नाही केलं? एक फट ठेवलेली नाही मी. एकसुद्धा. वारा सोडा, आवाज जायचा नाही वर."

"बरं," बुवा म्हणाले.

"बरं काय! उद्या चाललेत ते."

बुवांनी आता डोळे उघडले.

"कुठं?"

"खाली. सुमनकडं. माझ्या बहिणीकडं. सकाळच्या एसटीनं. पिशवी भरून खाटेला टेकवून ठेवलीय. मी म्हणालो, तात्या, का? तर म्हणे, तिकडं ऊन असतं."

या वयात घाट उतरून गेलेला माणूस परत वर येत नाही. हे तात्यांना ठाऊक, सर्जेरावला ठाऊक, आम्हालाही ठाऊक. वर आणायचा तो चौघांनी धरून.

"छतं करणाऱ्याचा बाप थंडीपायी घर सोडून गेला," सर्जेराव म्हणाला. "गाव हसेल. हसू दे गावाला... पण मला झोप नाही, बुवा. बायको असून कला बोलत नाही माझ्याशी. म्हणते, घरात सारखी ठोकाठोक."

बुवांनी चिमट्यानं एक निखारा आत सारला.

"तुमच्या या पत्र्याचंही मी करून देतो हवं तर," सर्जेराव वर बघत म्हणाला. वर बघताना त्याची मान दुखली, त्यानं हात लावला. "सगळी धुनी फुकट जाते इथं. केवढी भोकं आहेत!"

"धूर कुठून जाईल मग?"

"त्याची सोय करता येते."

"असू दे," बुवा म्हणाले. "सवय झालीय भोकांची."

मग सर्जेराव आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "त्यात ते उंदीर..."

"कसले उंदीर?"

"छतातले. गवत भरलं ना, त्याला आले असणार. लाद्यांना खळगे पाडतात. पहिल्या थराला पाडले म्हणून दुसरा जरा टणक आणला. त्यालाही पाडले. औषध ठेवलं, शिवत नाहीत. पिंजरा लावला, फिरकत नाहीत."

"सगळ्या छताला पाडले?"

"नाही ना. तेच तर. नेमके तात्यांच्या खाटेच्या वर. बाकी छत कोरं करकरीत आहे."

बुवांनी त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खाली पडत नाहीत ते?"

"कोण?"

"उंदीर. लादीला खालच्या अंगानं लटकून कुरतडायचं म्हणजे..."

"उंदरांचं काय सांगावं!"

"हो," बुवा म्हणाले. "मोठे हुशार."

मग त्यांनी माझ्याकडं हात केला. मी त्यांना उठवलं. गुडघे वाजले. त्यांचे की माझे, कळलं नाही.

"बुवा, कुठं निघालात या गारठ्यात?"

"तुझ्या उंदरांना भेटून येतो."

कुंपणाच्या वाटेनं आम्ही सावकाश उतरलो. सर्जेराव पुढं, बुवा मधे, त्यांची घोंगडी सावरत मी मागं. गॅरेजचं मोठं शटर कायमचं बंद केलेलं. बाजूला एक लहान दार. दाराच्या फटीलासुद्धा सर्जेरावनं रबराची पट्टी ठोकलेली. दार लागलं की 'फस्स' असा आवाज व्हायचा.

आत शिरलो आणि ऊब अंगावर आली. भाकऱ्या चालू असताना चुलीजवळ जावं तशी. शेगडीची तार लाल झालेली. बुवांनी घोंगडी काढली. मी कानाचा रुमाल सोडला.

तात्या मात्र खाटेवर पाय वर घेऊन बसलेले. कानटोपी, स्वेटर, वर गोधडी.

"काय गोसाव्या," तात्या म्हणाले, "अजून आहेस होय तू?"

"तुझी वाट बघत थांबलोय. म्हटलं, जोडीनं जाऊ."

"मी उद्याच चाललो. पण खाली. तू वर जा तुझा."

दोघं हसले. हसायला फार लागत नाही म्हाताऱ्यांना. पण ते लगेच थांबलेही.

सर्जेराव लाद्यांवरून हात फिरवत होता. "बघा, बुवा. सांधा दिसतो का कुठं? आणि हे बघा खळगे. आजचेही ताजे आहेत दोन-चार."

खाटेच्या वरच छत जागोजागी दबलेलं. बोटाच्या पेराएवढे गोल गोल खळगे, एकाला लागून एक. देवीचे व्रण असावेत तसे.

बुवांनी बघितलं. मी बघितलं. तात्या शेगडीकडं बघत राहिले.

"सर्जा," बुवा म्हणाले, "तू वर जा."

"का?"

"जा वर. तात्यांना काही लागलं तर ते बोलावतील. बोलावलं की ये."

"मी इथंच आहे की. काय लागणारे त्यांना?"

"जा रे बाबा. दमलोय मी. वाद घालू नकोस."

सर्जेराव गेला. दार 'फस्स' करून लागलं. जिन्यावर त्याची पावलं वाजली असतील. आम्हाला ऐकू आली नाहीत.

बुवा भिंतीला टेकून खाली बसले. मी शेगडीशेजारी बसलो.

फार शांत होतं. मी म्हातारा माणूस, शांतता मला आवडते. मठात असते तशी. पण ही तशी नव्हती. मठात पत्रा तडतडतो, बाहेर कोणी गुरं हाकतं, कुत्रं खोकतं. इथं आपल्याच कानात रक्त फिरतंय ते ऐकू यायला लागलं.

"त्याला वर कशाला धाडलंस?" तात्यांनी विचारलं.

"बोलाव त्याला."

तात्यांनी बुवांकडं बघितलं.

"...नको."

"बोलाव."

"राहू दे ना, गोसाव्या. उद्या चाललोय मी."

"चाललास ना? मग एकदा बोलाव."

तात्यांनी गोधडीतून हात बाहेर काढला. उशाशी काठी होती. गॅरेज बुटकं. बसल्या जागी काठी वर केली की छताला टेकते.

त्यांनी ठोकलं.

आवाज कसला... उशीवर बुक्की मारावी तसा. काठीचं टोक लादीत रुतलं आणि बाहेर आलं. पांढरे दाणे कानटोपीवर पडले.

तात्या वर बघत थांबले. मीही थांबलो.

कोणी आलं नाही.

"सर्जाऽऽ!" त्यांनी हाक मारली. हाक मारताना गळ्याच्या शिरा वर आल्या.

परत काठी. परत हाक.

मग काठी उशाशी ठेवली.

"असंच असतं," ते म्हणाले.

"पूर्वी?" बुवांनी विचारलं.

"पूर्वी फळ्यांवर ठोकायचो. वर खणखणीत ऐकू जायचं. सून टाच आपटायची. म्हणजे, ऐकलं, येते. कधी काही नको असलं तरी ठोकायचो मी. तीही आपटायची. कामात असली तरी. नात मनू पाढे म्हणायची. चुकली की मी खालून सांगायचो. सातच्या बातम्या मी इथं बसून ऐकायचो. मिरच्या भाजल्या की आम्ही दोन्हीकडं शिंकायचो."

"आणि आता?"

"आता जेवण येतं. चहा येतो. सगळं वेळेवर येतं. मोबाईल पण दिलाय उशाखाली. त्या मेल्यात काय जीव आहे?"

"सांगितलं का नाहीस पोराला?"

शेगडी बारीक गुणगुणत होती.

"वर बघून बघून त्याची मान आखडलीय," ते म्हणाले. "बघितलीस ना? दिवसभर लोकांची छतं करतो, आणि घरी येऊन बापाचं करतो. खिळे तोंडात धरून माझ्याकडं बघून हसतो. म्हणतो, तात्या, आता बघा कशी ऊब राहते. त्याला काय म्हणू? काढ म्हणू?"

बुवांनी छताकडं बघितलं.

"म्हणून लाद्या मारल्यावरही थंडी वाजते म्हणालो. मला वाटलं, कंटाळून सोडून देईल. तर तो थर वाढवत गेला."

त्यांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"आणि खोटं नाही रे. वाजतेच थंडी."

मला वाटलं, बुवा आता बोलतील. त्यांनी डोळे मिटले, मान छातीवर पडली. ते पेंगत होते. धुनीपाशी जागून जागून तेही दमलेले असतात. लोकांना ते ध्यान वाटतं.

तात्याही आडवे झाले. मी एकटाच वर बघत बसलो. किती वेळ गेला देव जाणे. लहान दाराच्या काचेतून दिसणारा उजेड आधी करडा होता, मग निळा झाला.

दार उघडलं. सर्जेराव. हातात थाळी, थाळीत चहाचे कप.

"बुवा, हे काय? वर वाट बघून बघून कंटाळलो मी. म्हणालात, बोलावू. कलानं चहा करून ठेवला, तो गार झाला, परत तापवला." त्यानं दिवा लावला, थाळी खाली ठेवली. "काही लागलं नाही वाटतं तात्यांना?"

बुवांनी डोळे उघडले.

तात्या उठून बसले.

सर्जेराव एकेकाकडं बघत राहिला. मग त्याची नजर तात्यांच्या कानटोपीवर गेली. तिच्यावर पांढरे दाणे होते. गोधडीवरही. उशाशी काठी. काठीच्या टोकाला दाणे चिकटलेले.

"उंदीर..." तो म्हणाला.

आणि थांबला.

त्यानं काठी उचलली. सावकाश वर नेली आणि टोक एका खळग्यात टेकवलं.

बसलं.

शेजारच्या खळग्यात टेकवलं. तिथंही बसलं. तिसऱ्याला त्यानं करून बघितलं नाही.

"तात्या..." तो म्हणाला. "हाक मारत होतात?"

"अधनंमधनं," तात्या म्हणाले. "विशेष काही नाही."

सर्जेराव खाटेच्या कडेवर बसला. काठी मांडीवर आडवी धरून. चहावर साय धरायला लागली. मला त्याच्या मानेकडं बघवेना.

मग तो उठला. खाटेवर चढला. तात्यांनी पाय आवरून घेतले. लादीच्या सांध्यात त्यानं नख घालून बघितलं, पण सांधा असा बेमालूम केलेला की नख शिरेना. शेवटी एका खळग्यातच बोटं खुपसली आणि ओढलं.

लादी मोडून आली. मग आतल्या थराची. मग गवत. जुन्या पावसाळ्याचं गवत तात्यांच्या अंगावर, उशीवर, चहाच्या कपात धपाधप पडलं. सगळ्या गॅरेजभर पावसाळ्याचा वास सुटला. तात्या शिंकले.

आणि वरून आवाज आला.

"अगं बाई! कोण शिंकलं?"

फळ्यांमधून पिवळ्या उजेडाच्या बारीक रेघा खाली उतरल्या. कांदा परतल्याचा वास आला. कोणीतरी स्टूल सरकवलं. मनूचा आवाज अगदी डोक्यावर, "आजोबा, तुमचा दिवा दिसतोय मला! आई, बघ ना, आजोबांचा दिवा दिसतोय!"

तात्यांनी सर्जेरावपुढं हात केला. त्यानं काठी दिली.

तात्यांनी फळीवर ठोकलं. जोरात नाही. सवयीनं ठोकतात तसं.

वर जरा वेळ काहीच नाही...

मग एक टाच वाजली.

तात्यांनी कानटोपी काढली. झटकली आणि उशाशी ठेवली. गोधडी पायाकडं सारली. त्यांचे कान म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे मोठे, लाल झालेले.

"उद्याच्या एसटीचं काय, तात्या?" सर्जेरावनं विचारलं.

"बघू उद्या," तात्या म्हणाले. "गप जरा. मनू काय म्हणतेय ऐकू दे."

बुवांनी माझ्याकडं हात केला. मी त्यांना उठवलं. घोंगडी खांद्यावर टाकली. बाहेर धुकं दाराशी येऊन उभं होतं.

सर्जेराव अजून खाटेवरच उभा होता. एक हात वर, उघड्या फळीशी. बोटांवरून बहुतेक ऊब वर जाताना त्याला जाणवत असावी. किती झालं तरी छतांचा माणूस.

"पण बुवा," तो म्हणाला, "आता इथली ऊब सगळी वर जाईल."

बुवा उंबऱ्यात थांबले. वळले नाहीत.

"जाईल की," ते म्हणाले. "आली वरूनच होती."